माझ्या आवाजाची विल्हेवाट

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, व्यवसायाने प्रोग्रॅमर आणि आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. उद्या सकाळी माझ्या घशाची शस्त्रक्रिया आहे. स्वरयंत्र काढणार आहेत. जिवाला धोका फारसा नाही, असे डॉक्टर म्हणतात. पण 'फारसा' हा शब्द मी आयुष्यभर ग्राहकांना ऐकवत आले, त्यामुळे त्याची किंमत मला ठाऊक आहे. डोके ठिकाणावर आहे. मन ठिकाणावर असावे लागते का, असे वकिलांना विचारले, तर ते म्हणाले, कायद्याला तेवढे लागत नाही. तेव्हा लिहिते.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचे राहते घर माझ्या नावावर आहे. ते माझ्या पश्चात माझ्या पतींना मिळावे. तेही प्रोग्रॅमर, एकाच कंपनीत आम्ही पाठीला पाठ लावून बसत होतो. यापुढे मी त्यांचा उल्लेख 'तो' असा करीन. ज्याला जन्मभर 'अरे' म्हटले, त्याला मृत्युपत्रात 'अहो' म्हणायला जीभ वळत नाही.

कलम २. बँकेतली शिल्लकही त्यालाच. अट एकच: त्यातून नवी गिटार घेऊ नये. भिंतीवर जागा उरलेली नाही, आणि गरम कपड्यांच्या कपाटात आणखी एक उभी आहे, हे मला माहीत नाही असे त्याला वाटते.

कलम ३. माझी बेस गिटार आमच्या ड्रमवाल्याला द्यावी. कंपनीतल्या आम्ही चौघांनी रॉक बँड काढला होता. नवरा लीड गिटारवर, मी बेसवर, कंपनीचे सर्व्हर सांभाळणारा सहकारी ड्रमवर, आणि गायला टेस्टरबाई. लोक लीडला टाळ्या देतात, गाणारीला शिट्ट्या देतात. बेस वाजत होती हे ती थांबली तरच त्यांना कळते. ड्रमवाला एकटाच माझ्याकडे बघून वाजवायचा. त्याने ती विकली तरी चालेल, पण विकेल असे वाटत नाही.

कलम ४. टेस्टरबाई. ही बाई आमच्याच कंपनीत परीक्षण विभागात होती, म्हणजे मी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा तिला पगार मिळे. पगाराचे चीज करायची. तेही मी सोसले असते. पण माझ्यापेक्षा जेमतेम तीन वर्षांनी लहान असून ती मला 'ताई' म्हणते, आणि त्याला नुसतेच 'ए'.

दोघांना शब्दखेळांचे वेड. उलटसुलट सारखी वाचता येणारी वाक्ये जुळवत बसायची. एकदा त्याने सरावाच्या वेळी 'चहा?' विचारले, ती म्हणाली, 'हाच!', आणि दोघे हसता हसता खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. चहा हाच. मागून वाचले तरी तेच येते म्हणे. मला कोणी समजावून सांगितले नाही, मी स्वतः कागदावर लिहून पाहिले. मग मी सर्वांना चहा दिला आणि माझा बेसिनमध्ये ओतला.

मी जळत होते. हे मृत्युपत्र आहे, त्यामुळे वेगळा शब्द शोधत बसत नाही. सरावाच्या खोलीत मी एक यंत्र बसवले होते. खोलीत बराच वेळ शांतता पसरली की स्वयंपाकघरात घंटी वाजे. अँप्लिफायर विनाकारण चालू राहून तापू नये म्हणून, असे मी सर्वांना सांगितले होते. ती घंटी एकदाच वाजली. मी हातातले टाकून धावत गेले, तर दोघे मान खाली घालून शब्दकोडे सोडवत होते. त्याने वर न बघता विचारले, "अगं, पाच अक्षरी, 'संशयी', शेवटी 'र'?" मी म्हटले, मला नाही येत. काही वावगे दिसले असते तर निदान भांडता तरी आले असते.

सदर बाईला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळू नये, असे मी गेल्या महिन्यातल्या कच्च्या मसुद्यात या कलमाच्या शेवटी लिहिले होते. ते वाक्य रद्द समजावे. कारण पुढील कलमात.

कलम ५. घरातली यंत्रे. सुटीच्या दिवशी इतर बायका काय करतात मला माहीत नाही. मी घर बोलते केले. दिवे, पडदे, पंखे, किटली, गाणी, सगळे आवाजावर चालते. 'दिवा लाव' म्हटले की दिवा लागतो आणि घर 'लावला' असे उत्तर देते, तेही माझ्याच आवाजात. भिंतीवरची बटणे दिसायला वाईट म्हणून मी काढून टाकली. घर फक्त माझा आवाज ओळखते. त्याचाही नोंदवायचा होता, पण एकेक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचा त्याला कंटाळा. "तू आहेस ना," म्हणायचा. मलाही ते गोड लागायचे. सरावाला आलेल्या टेस्टरबाईला पंख्यासाठीसुद्धा 'ताई, जरा' म्हणावे लागे, ते तर फारच गोड लागायचे. नवा आवाज नोंदवायला जुन्या आवाजाचीच परवानगी लागते, असा कडेकोट बंदोबस्त मी केला होता. जुना आवाज बसला तर काय, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. टेस्टरबाईने तो पहिल्याच दिवशी केला असता, पण हे काम मी तिला तपासायला दिले नव्हते.

घशाचे दुखणे वाढले, आवाजाचे खरखरते भुस्कट झाले, आणि एका सकाळी मी 'पडदे उघड' म्हटले, तेव्हा घर माझ्याच पूर्वीच्या गोड आवाजात म्हणाले, "ओळख पटली नाही." मी पुन्हा म्हटले. घर पुन्हा म्हणाले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या तोंडून, मला कोणी ओळखेना. यंत्र मुळापासून पुसता आले असते, पण मग इतक्या वर्षांचे कामही पुसले गेले असते. शिवाय माझा धड आवाज आता त्या यंत्राखेरीज कुठेही शिल्लक नव्हता.

काही दिवस आम्ही टेबलावरच्या दिव्यावर काढले. मग तो चाचरत म्हणाला, "तिला बोलावू का? ती तुझी नक्कल करायची बघ." करायची. कंपनीच्या प्रत्येक मेजवानीत करायची, हुबेहूब, आणि सगळ्यांत मोठ्याने तो हसायचा. मी मानेनेच नाही म्हटले.

पण तो पंखा नसलेल्या खोलीत घाम पुसत बसलेला मला बघवेना. मागच्या रविवारी मीच तिला निरोप पाठवला, आणि तो न्हाणीघरात दाढी करत असतो ती वेळ दिली. ती आली. मी कागदावर आज्ञा लिहून दिल्या. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, घसा साफ केला, आणि अंधाऱ्या बैठकीच्या खोलीत उभी राहून माझ्या आवाजात म्हणाली, "पडदे उघड."

"उघडले," घर म्हणाले.

हिने माझे सगळे घेतले, आता आवाजही हिच्याच घशात जाऊन बसला, असे मला वाटले. अंगाचा तिळपापड झाला. तिला दाराबाहेर काढावे म्हणून मी उठलेसुद्धा.

तेवढ्यात न्हाणीघरात काहीतरी पडले. "आलो गं! आलो आलो!" असे ओरडत तो बाहेर आला. एका गालावर साबण, पायांत चप्पल नाही. अँप्लिफायरांनी अर्धे कान गेलेला माणूस, एरवी तीन हाका मारल्याशिवाय 'ओ' देत नाही. दारात येऊन त्याने तिला पाहिले आणि त्याचा चेहरा पडला. इतका पडला, की ज्या बाईसाठी मी घंटी बसवली होती, तिच्याकडे पाहून माणसाचा चेहरा असा पडू शकतो यावर माझा विश्वास बसेना.

"तू होय," तो म्हणाला. "मला वाटलं..." आणि तो तसाच गालावरच्या साबणासकट खाली बसला व रडू लागला.

टेस्टरबाई हळूच तिच्या स्वतःच्या आवाजात म्हणाली, "पाहिलंत ना, ताई? मी हाक मारली तर 'थांब जरा' म्हणतो." तिच्या बोलण्यात जे होते ते मी लगेच ओळखले. माझी त्यात हयात गेली आहे.

त्याच दिवशी तिच्याकडून परवानगी वदवून मी त्याचा आवाज नोंदवला. कंटाळा न करता सगळी वाक्ये म्हणाला. मग मी खुणेने तिलाही बसवले. आता घर दोघांचे ऐकते. उत्तर मात्र माझ्याच आवाजात देते, आणि त्यात कोणीही बदल करू नये.

कलम ६. वरील कारणास्तव टेस्टरबाईला पुढील हक्क देत आहे. तिने या घरात केव्हाही यावे, दिवे लावावेत, पंखा तर अगदी जोरात लावावा. त्याच्याबरोबर गावे, शब्दकोडी सोडवावीत, हसावे. मला आवडणार नाही, तरी हसावे. त्याला एकटे बसू देऊ नये. हे सर्व तिने स्वतःच्या आवाजात करावे. माझा आवाज मी कोणालाही देत नाही. मी उद्या शस्त्रक्रियेच्या टेबलावरच गेले तरी, आणि मुकी होऊन परत आले तरी, तिने त्या आवाजात त्याला कधीही हाक मारू नये. तो धावत येईल, आणि हाक मारणारी मी नसेन.

हे सर्व मी लिहिले, वाचून पाहिले, आणि ते मला मान्य आहे. मोठ्याने वाचून दाखवता आले नाही, म्हणून दोन्ही साक्षीदारांनी ते माझ्यासमोर स्वतः वाचले.

साक्षीदार पहिले: खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य. बेसमुळे त्यांची खुर्ची हादरते अशी त्यांनी आमची तक्रार केली होती. त्यांना काहीही दिलेले नाही, त्यामुळे सही चालते. (सही)

साक्षीदार दुसऱ्या: वकिलांच्या कारकून. सही करताना त्यांनी डोळे पुसले, पण डाग पडू दिला नाही. (सही)

लिहून ठेवणारी: (सही)

स्थळ: आमचे स्वयंपाकघर, खिडकीजवळचे टेबल.
तारीख: शस्त्रक्रियेचा आदला दिवस. तो शेजारच्या खोलीत घराला दिवा लावायला सांगत आहे, आणि मी त्याला उत्तर देत आहे.