मार्थाअक्का रडल्या नाहीत

धुळे, ५ फेब्रु. १९६९
कथा संपली एकदाची. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या मार्थाअक्कांवरूनच घेतली आहे, कथेत नाव सगुणा. दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा दाऊद तापाने गेला. एकुलता एक. धरणगावचे नातेवाईक ऊर बडवत आले, तर मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी दटावले, "आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे. आक्रोश करायचा नाही." अक्का तर रडल्याच नाहीत. पुढच्या रविवारी पाळकांनी उपदेशात त्यांच्या विश्वासाचा दाखला दिला.
माझी सगुणा मुलाच्या शवपेटीवर हात ठेवून म्हणते, "प्रभो, तुझे तुला दिले." लिहिताना माझेच डोळे वाहू लागले. स्वतःच्याच वाक्यावर रडणारी मास्तरीण! दुपारच्या टपालाने जळगावला आपल्या मासिकाच्या संपादकांकडे रवाना; तेही पाळकच. ईस्टरच्या अंकात यावी.

१२ फेब्रु., बुध.
भगिनी मंडळात कथा वाचली. सगळ्यांचे पदर डोळ्यांना. अक्का तेवढ्या कोरड्या. शेवटी म्हणाल्या,
"बाई, गोट चांगली शे. पन मी आशी बोलनू नही. मी तव्हय तेना सदराले बटन लाई ऱ्हायंतू."
दाऊदला शेवटचा घालायच्या सदऱ्याला बटण लावत होत्या त्या तेव्हा! मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांना आधी विचारायचे साधे सुचले नाही मला.

१५ फेब्रु., शनि.
माफी मागायला गेले. दार उघडे. अक्का चुलीपुढे भाकरी थापत मोठ्याने बोलत होत्या.
"आज बी तू काय बोलना नही. मना पोऱ्या लई गया आनि गप बठना. सांग ना!"
वाटले, नवऱ्याशी भांडण जुंपलेय. मग आठवले, नवरा जाऊन दहा वर्षे झाली. देवाशी चालले होते! उंबऱ्यावरच थांबले.
मला पाहून लाजल्याबिजल्या नाहीत. रडला का नाहीत, विचारले. "राग व्हता. रडतू ते तेले वाटतं, मी मानी लिधं."
रडल्या असत्या तर देवाला वाटले असते, त्यांनी मान्य केले. आणि आम्ही सगळ्यांनी त्या गप्प बसण्याला शांती म्हटले, उपदेशात घातले, मी तर कथेत घातले. पण राग म्हणजे विश्वास नाही, असे तरी कसे म्हणू? तीस वर्षे मी देवाशी हात जोडून गोड गोड बोलतेय. असे तोंडावर कधी... तो इतका जवळ बसलेला आहे, हे मी कधी खरे मानलेच नव्हते. अक्कांनी भाकरी वाढली.

१९ फेब्रु.
शेवट नवा लिहिला. 'तुझे तुला दिले' काढून टाकले. सगुणा बटण लावते, दोरा दाताने तोडते, वर बघून म्हणते, "उत्तर दे." बस्स. या वेळी रडू आले नाही. भीती वाटली, आणि प्रार्थनेला बसले तर शब्दच फुटेना. टपालात टाकला.

२७ फेब्रु.
संपादकांचे पत्र. पहिली कथा छपाईला घेतली आहे म्हणे. नवा शेवट वाचकांच्या विश्वासाला बाधक, ईस्टरला असले नको. पहिलीच छापू, हरकत असल्यास आठवड्यात कळवा.
खोटे कशाला बोलू, मोह होतोय. पहिल्यांदाच नाव छापून येणार. नाही कळवले तर आपोआपच येईल. पण मग अक्कांच्या तोंडी ते वाक्य कायमचे राहील.

४ मार्च, मंगळ.
अक्कांना नवा शेवट वाचून दाखवला. पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "हां. हाई मी शे."
पत्राचे सांगितले तर चक्क हसल्या.
"मी देवले तोंडवर बोलस, तो ऐकी लेस. पाळकसाहेबले कसानी भीती?"
उद्या शाळेला रजा. सकाळच्या गाडीने जळगाव, कथा परत मागायची. त्यांनी दिली नाही तर काय करायचे, ठाऊक नाही. अक्का म्हणाल्या, "मी बी येस."