‘जुनं आण’ आणि ‘विचारू नको’

सोमवार, १७ जानेवारी १९९४

संगणकाला आज्ञेच्या एकाच ओळीत दोन खुणा दिल्या, त्याची खरी किंमत: लेथवरच्या कमलताईंची अख्खी सकाळ. लेथच्या प्रोग्रामच्या प्रती सांभाळायला मी जे साधन लिहिलं, त्याला कुणीतरी ‘जुनं आण’ आणि ‘विचारू नको’ एकदम सांगितलं. साधनानं मुकाट्यानं शनिवारची प्रत आणून त्यांच्या आजच्या कामावर बसवली.

तरी बाई हसतच! विद्यापीठाचं नामांतर झालं म्हणून कारखानाभर पेढे वाटत होत्या. डबा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, “साहेब, ही जोडी बंदच करा.”

“शहाणा माणूस अशी जोडी देतच नाही, ताई. मी तर जन्मात देणार नाही.”

“व्हय? अन् दिली तर? उरलेला डबा माझा!”

पुसण्याआधी नेहमी विचारायचं, एवढं पुरेल का? संगणकांच्या हॉलमध्ये कान देऊन बसलो. प्रश्न आला की ‘हो’ची कळ लगेच वाजते, वाचायला कुणी थांबतच नाही. मग विचारून काय उपयोग? दुपारी बंदी घातली. आता ही जोडी दिली की साधन नकार देतं आणि देणाऱ्याचं नाव लिहून ठेवतं.

पेढे लई गोड होते. डबा कमलताई घरी घेऊन गेल्या.

संध्याकाळपर्यंत यादीत दोन नकार. दोन्ही माझ्या नावावर.