पोर्तुगीजमधला इशारा

जळगाव, ९ एप्रिल २०२५

ती. स्व. मोतीलाल नानांस,
कामिनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने लावता, म्हणून आज कागद घेतला.

मोझांबिकहून येऊन तीन आठवडे झाले. आमची कंपनी तिथल्या नांपुला प्रांतात ठिबकचे संच पाठवतेय आणि सोबतचं माहितीपत्रक करायचं काम माझं. पण मी जायच्या आधीच आमच्या निर्यात विभागाच्या भूपेंद्रसाहेबांनी स्वाहिली पत्रकं छापून ठेवली होती. आफ्रिका म्हणजे स्वाहिली, असं त्यांनी कुठेतरी ऐकलेलं. मी म्हटलं, साहेब, उद्या कोणी सावद्याच्या केळीवाल्यांना तमिळमधून पत्रक धाडलं तर? ते म्हणाले, तू फार बोलतेस.

तिथे कचेरी, शाळा, दुकानाची पाटी सगळं पोर्तुगीज. शेतात मात्र सगळे मकुवा बोलतात. संच घेताना सही पुरुष करतो, नळ्या पसरणं नि पाणी सोडणं बायांकडे. नऊ गावं फिरले. पोर्तुगीज वाचणाऱ्या बाया तीन भेटल्या, त्यातल्या दोन मास्तरणी. चित्रं दाखवून पाहिली, तर फुली म्हणजे ‘हे करू नका’ हेही शाळेतच शिकावं लागतं, असं कळलं. पण घरोघरी साधा फोन आहे आणि त्यावर गाणी वाजतात. म्हणून मी लिहून दिलं की दुकानदाराला पोर्तुगीज द्या, शेतात मकुवातला आवाज द्या. तिथल्या दुकानातला झाकारिअस म्हणून शेतीतला जाणता माणूस आहे, तो आवाज भरून द्यायला तयारही होता.

साहेबांनी सगळ्यावर काट मारली आणि खाली लिहिलं, देश एक, भाषा एक, पोर्तुगीज पुरे. नाना, नळ्या साफ करायला ॲसिड लागतं हे तुम्हाला सांगायला नको. आधी पाणी, मग त्यात ॲसिड. उलटं केलं तर ते उसळून तोंडावर येतं. ही एक ओळ तरी त्यांच्या भाषेत जाऊ द्या, म्हणून मी दोनदा गेले. दोनदा परतले. थेट मालकांकडे, शेठजींकडे जाऊ का?

काकूंना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका, साहेबांवरची माझी आटलीच आहे.

आपली,
कामिनी

---

धुळे, १७ एप्रिल २०२५

चि. कामिनीस,
नानाचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तुझा राग लहानपणापासून असाच, दूध उतू गेल्यासारखा. चूल विझते आणि दूधही जातं.

शेठजी माझे जुने स्नेही, म्हणून तुझी वर्णी तिथे लागली. त्यांच्या पुतण्याची, भूपेंद्रची, तक्रार घेऊन तू त्यांच्या दारात उभी राहू नयेस. मी बियाणे कंपनीत तीस वर्षं प्रसाराचं काम केलं. साक्रीपासून शिरपूरपर्यंत पत्रकं वाटली, सगळी शुद्ध मराठीत. लोक बोलत अहिराणी, पलीकडे पावरी. म्हणून काय प्रत्येक पाड्याला वेगळा कागद छापायचा? लोक एकमेकांना विचारून घेतात. माझ्या पत्रकामुळे कोणाचं काही वाकडं झालं नाही. तेव्हा गप्प बस, वर्षभर काढ, मग बोल.

तुझी काकू लिंबाच्या बागेत असते दिवसभर. तिच्या मते तू वाळलीस. चार दिवस येऊन जा.

राग गिळावा, जेवण टाळू नये, आणि म्हाताऱ्याला विसरू नये.

तुझा,
नाना

---

जळगाव, २१ ऑगस्ट २०२५

ती. स्व. नाना,
नमस्कार. शि. सा. वगैरे लिहायला आज हात चालत नाही.

नांपुलात अतीजा नावाची बाई आहे. माझ्याच वयाची. मार्चमध्ये तिने मला भाजलेला कसावा खाऊ घातला होता आणि माझ्या केसांना हात लावून हसली होती. गेल्या आठवड्यात नळ्या धुवायला तिने भांड्यात आधी ॲसिड घेतलं आणि वरून पाणी ओतलं. उजवा डोळा गेला. गालाची कातडी गळ्यापर्यंत गेली.

झाकारिअसने कळवलंय की आमचं पत्रक तिच्या घरात भिंतीवर आहे. महत्त्वाचा कागद म्हणून तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून लावलाय. ठळक अक्षरांत इशारा आहे त्यावर. पोर्तुगीजमध्ये.

भूपेंद्रसाहेबांनी अहवाल तयार केलाय. अपघाताचं कारण, वापरकर्त्याचा निष्काळजीपणा. आणि पत्रक करणारी मी, म्हणून खाली सही माझी हवी आहे. मी म्हटलं, ज्या बाईने कागद पिशवीत जपला तिला निष्काळजी म्हणायचं? ते म्हणाले, इशारा छापलाय, आपली जबाबदारी संपली. नाना, माझ्या हातात पेपरवेट होता. तो मी टेबलावर परत कसा ठेवला ते माझं मला ठाऊक.

आणि राग तुमच्यावरही आहे. तुम्ही म्हणालात गप्प बस. मी बसले. चार महिने बसले. तुमच्या ओळखीने मिळालेली नोकरी, तुमच्या स्नेह्याचं घर, याचा मान राखत बसले. त्या मानापायी तिचा डोळा गेला. दोन सप्टेंबरला शेठजींपुढे बैठक आहे. मी सही करणार नाही. तुमची मान खाली गेली तर जाऊ दे.

लोभ ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

कामिनी

---

धुळे, २७ ऑगस्ट २०२५

चि. कामिनीस,
आशीर्वाद. घ्यावासा वाटला तर घे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुमच्याच कंपनीचं मराठी पत्रक काढलं. आपल्या लिंबाच्या बागेतल्या संचाबरोबर आलेलं. तुझ्या काकूला समोर बसवून वाचलं, ‘सौम्य आम्ल द्रावण सिद्ध करताना जलामध्ये आम्लाचे मिश्रण करावे’. ती ऐकत राहिली आणि मग विचारते, हाऊ कागद कोनासाठे शे? अकरा वर्षं ती नळ्या धुतेय. तिला कसं कळलं, म्हणून विचारलं. तर म्हणाली, शेजारच्या कुंदाबाईचा हात भाजलेला पाहिला, तेव्हापासून.

कामिनी, आता जे लिहितो ते तुझ्या काकूलाही आजवर सांगितलं नव्हतं. एप्रिलमध्ये मी तुला खोटं लिहिलं. साक्रीकडच्या एका गावात झिपरू नावाचा शेतकरी होता. बियाण्याला लावायचं औषध मी दिलं आणि पत्रकही हाती दिलं. ‘सेवनास अपायकारक’ असं मीच त्यावर लिहिलं होतं. पेरून उरलेल्या, औषध लावलेल्या बियाण्याची त्यांनी भाकरी केली. झिपरू वाचला. त्याची आई वाचली नाही. मला कंपनीने अहवाल मागितला. मी लिहिलं, वापरकर्त्याचा निष्काळजीपणा. तेच शब्द, पोरी. तुझ्या पत्रात ते मी तीनदा वाचले.

तो माणूस नंतर बाजारात दिसला की मी रस्ता बदलायचो. त्याने मला कधी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

सोबत शेठजींच्या नावाने पत्र जोडलंय. यातलं सगळं त्यात लिहून खाली सही केली आहे. बैठकीत मोठ्याने वाच. माझ्या मानेची काळजी करू नकोस, ती खाली घालायला मीच चाळीस वर्षं उशीर केला.

लोभाचं तू विचारलंस. तो मागायचा अधिकार आता माझा नाही, तरी मागतो.

तुझा,
नाना

---

जळगाव, १४ सप्टेंबर २०२५

ती. स्व. नाना आणि झुंबरकाकू यांस,
कामिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बैठकीत मोठ्याने वाचलं. भूपेंद्रसाहेब म्हणाले, चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीचा इथे काय संबंध. शेठजींनी त्यांना बाहेर जायला सांगितलं. मला वाटलं, जिंकले. पण नाही. संध्याकाळी अहवालातलं ‘निष्काळजीपणा’ खोडलं गेलं, आणि त्याच संध्याकाळी माझी बदली नशिराबादच्या गोदामात झाली. साहेब जागेवरच आहेत. त्यांनी सुचवलं की मी राजीनामा दिला तर शोभून दिसेल. मी म्हटलं, लेखी मागा. अजून मागितलेला नाही.

अतीजाच्या उपचाराचा भार कंपनीने घेतलाय. मकुवातला आवाजही मंजूर झाला, पण तो माझ्यामुळे नव्हे. नांपुलाच्या दुकानाने कळवलं की आवाज येईपर्यंत एकही संच उतरवून घेणार नाही. बाजाराची भाषा साहेबांना तिथे कळली.

झाकारिअस आवाज भरायला बसला तर अतीजा म्हणाली, मी बोलते. गालावर पट्टी असताना बोलली. साहेबांनी तिथे निरोप धाडला की सुरुवातीची वाक्यं काढा, त्याने मालाचं नाव खराब होतं. झाकारिअसने उत्तर दिलं की वाजेल तर पूर्ण, नाहीतर नाही. ते सध्या नऊ गावांत वाजतंय.

काल त्याने मला ते पाठवलं. गोदामात नळ्यांच्या भेंडोळ्यांवर बसून ऐकलं. एक शब्द कळला नाही. खाली त्याने अर्थ लिहिलाय, तसाच उतरवते: ‘मी अतीजा. माझा डोळा या कामात गेला. कागदावर काय लिहिलंय ते मला कोणी वाचून दाखवलं नव्हतं, म्हणून आता मी तुम्हाला सांगते, नीट ऐका.’

माझा राग गेलेला नाही, नाना. तुमच्यावरचा गेला. दिवाळीला येते, तेव्हा आपण साक्रीला जाऊ. झिपरूकाका आहेत की नाहीत माहीत नाही. नसतील तर घरचं कोणी असेल. बोलायचं तुम्ही, मी फक्त शेजारी उभी राहीन.

तोवर दोघांनी सांभाळून असावं, आणि मला आपली म्हणत राहावं.

आपली,
कामिनी