वर्गातल्या दहा आज्ञा

ओल्ड एअरपोर्ट, दोहा, कतार
शुक्रवार, दुपार

प्रिय मेलिसा,

तीन महिने झाले, तू फोन उचलत नाहीस. मेसेजला निळ्या खुणा येतात आणि पुढे काही नाही. म्हणून कितीतरी वर्षांनी पेन हातात धरलंय. अक्षर नर्सचं असून डॉक्टरसारखं झालंय, सांभाळून घे. आत्ताच चर्चमधून मिस्सेची प्रार्थना आटोपून आले. तीच गर्दी, गेटवर तीच बॅगतपासणी, बाहेरून क्रूस नसलेलं तेच चर्च. रविवारची मिस्सा इथे सुट्टीच्या शुक्रवारी कशी, देवाला चालते का, असं लहानपणी विचारून तू मला भंडावायचीस. आज तुझ्या जागेवर एक अनोळखी बाई बसली होती आणि मला उगाचच तिचा राग आला.

तिकडे अमेरिकेत तुमच्या राज्याने कायदा केला, शाळेच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचा तक्ता लावायचा. तू तो तुझ्या वर्गात लावला नाहीस, हे जावईबापू गॅव्हिनकडून कळलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इथल्या नियमांपायी बावीस वर्षं मी गळ्यातला क्रूस युनिफॉर्मच्या आत ठेवला. आणि जिथे देवाचं नाव उघड लावायला मिळतं, तिथे माझ्याच मुलीने नाही म्हणावं? तू शांतपणे सांगत होतीस, की वर्गात कुणी हिंदू आहे, कुणी मुसलमान, कुणी काहीच न मानणारं; ती मुलं माझ्याकडे अपूर्णांक शिकायला येतात, देव त्यांच्या त्यांच्या घरी आहे. मी नको ते बोलले आणि फोन आपटला.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण मी मराठी मिस्सेतल्या प्रार्थनांच्या यादीत तुझं नाव दिलं, 'श्रद्धा हरवलेल्या मेलिसासाठी'. सगळ्या चर्चने एका सुरात 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक' म्हटलं. प्रभूने ऐकलं की नाही ठाऊक नाही, गावाकडे आपल्या वसईने मात्र संध्याकाळपर्यंत ऐकलं. जेनिफर आत्याने तर तुला फोन करून सांत्वनही केलं म्हणे! मी चुकले, बाय. तुझी श्रद्धा हरवली की नाही, हे मी तुला विचारलंसुद्धा नव्हतं.

मागच्या महिन्यात एक सरकारी फॉर्म भरत होते. नाव, देश, धर्म. इतकी वर्षं तो रकाना मी डोळे मिटून भरलाय. या वेळी पेन अडलं. सलाईन लावायला नर्सच्या धर्माचा काय संबंध, असं मनात आलं, आणि मग तुझं अपूर्णांकांचं बोलणं पहिल्यांदा नीट कळलं. भरला मी तो रकाना, माझी काय तुझ्याएवढी छाती नाही. पण दिवसभर तुझी फार आठवण येत राहिली. अजूनही सकाळी खाली स्कूल बसचा हॉर्न वाजला की मी खिडकीशी जाते. तुझ्या तेव्हाच्या वयाच्या कुणाला तरी हात हलवावासा वाटतो, मग आठवतं की तू आता तेहतीस वर्षांची आहेस.

आता पत्राचं खरं कारण. तक्ता लावला नाहीस म्हणून बारा तारखेला स्कूल बोर्डापुढे तुझी सुनावणी आहे, आणि तिथे कुणीतरी तुला ख्रिस्ताची वैरीण म्हटलंय. म्हणून गॅव्हिनने तुझ्या नकळत माझ्याकडे तुझ्या बाप्तिस्म्याचा दाखला मागितला. तो दाखवला की तोंडं बंद होतील, नोकरी वाचेल, व्हिसाही वाचेल. मी तो वसईहून मागवला, स्कॅन केला आणि पाठवायचं बटण दाबायच्या आधी थांबले. तुला दाखवायचा असता तर तू स्वतःच मागितला असतास. एकदा तुझी श्रद्धा तुला न विचारता मी चारचौघांत मांडली, पुन्हा नाही मांडणार. गॅव्हिनला तसं सांगितलं, तर आता तोही माझ्याशी बोलत नाही. नोकरी गेली तर तू माझ्याजवळ येशील, हा लोभही मनात आहे, खोटं कशाला सांगू? तरीही तू जिंकावंस, तुझ्या पद्धतीने. दाखल्याची मूळ प्रत सोबत ठेवली आहे. बोर्डाला दाखव, कपाटात ठेव, नाहीतर फाडून टाक. तो तुझा आहे. फक्त मिळाला, एवढं तुझ्या आवाजात कळव.

तुझीच, आज तुझ्या बाजूने उभी असलेली,
मम्मी