गाडी आता तापत नाही

औरंगाबाद,
१२ एप्रिल १९८८

प्रिय आवडा,

हे पत्र मुद्दाम तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर टाकते आहे. घरी नेऊ नकोस, मधल्या सुट्टीत वाच. आपली फियाट बीडपर्यंत तुझ्याकडं आणायची, असं मी ठरवलंय आणि या वेळी ती वाटेत उकळणार नाही.

तुला आठवत असेल, पाचोड मागं पडलं की बॉनेटमधून वाफ निघायचीच. मग दादा टॉवेल घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला उतरायचे आणि मी मागून ओरडायची, की वाफ जिरल्याशिवाय कुकरच्या झाकणाला हात लावतं का कुणी. एकदा लावलाच त्यांनी. मनगटावर डाग अजून आहे. आता तुझ्या वडलांना नीट दिसत नाही, म्हणून गाडी मी चालवते आणि तिचं दुखणंही मीच शोधलं. थर्मोस्टॅट नावाचा एक लहानसा वॉल, म्हणजे झडप, असतो. इंजिन गार असेतो तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, पाणी तापलं की उघडतो. आपल्या गाडीत तो नव्हताच. औरंगपुऱ्यातल्या कमरोद्दीन मिस्त्रींनी सात वर्षांमागंच काढून टाकलेला. विचारलं तर म्हणाले, भाभी, औरंगाबाद की धूप में इसका क्या काम, हम तो सबके निकाल देते. मी गाडीसोबत आलेल्या पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवलं. वॉल नसला की बरंच गरम पाणी आडवाटेनं परत इंजिनातच शिरतं. भाईंनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि म्हणाले, उस्ताद ने ऐसाच सिखाया था. पण लई भला माणूस, दुसऱ्या दिवशी नवा वॉल स्वतः शोधून आणून दिला.

बसवण्याआधी मी तो दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडला आणि पातेलं स्टोव्हवर ठेवलं. दादा आतून विचारतात, आज कसली आमटी. पाणी उकळायच्या बरंच आधी वॉलनं तोंड उघडलं, तेव्हा जिवाला बरं वाटलं. मग गार इंजिनातलं गंजकं पाणी काढून टाकलं, सांध्यावर चिकटलेलं जुनं गॅस्केट खरवडून काढलं आणि वॉल बसवला. रेडिएटरच्या झाकणाचं रबरही चिरलं होतं. झाकणानं दाब धरला तरच पाणी उशिरा उकळतं, हे मला कुणी शिकवायला नको. भाई जास्त दाबाचं झाकण देत होते, मी नको म्हटलं. जुना रेडिएटर, सोसेल तेवढाच दाब द्यावा, नाहीतर कुठंतरी फुटतोच.

परवा भर दुपारी चितेगावला जाऊन आले. दादा शेजारी बसून सारखे विचारत होते, तापमानाचा काटा कुठं आहे. काटा मधोमध. येऊन इंजिन पुरतं गार होऊ दिलं, मगच झाकण उघडलं. पाणी होतं तेवढंच.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. दिवाळीत तू लिहिलं होतंस, आई, मला इथून घेऊन जा. मी उत्तर धाडलं की गाडी तापते, एवढ्या लांब यायची नाही. गाडी तापत होती हे खरं. पण बीडची एस.टी. दर तासाला सुटते आणि स्टँड आपल्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. ते तुलाही ठाऊक होतं, तरी तू पुन्हा लिहिलं नाहीस. भ्याले होते मी, चार लोकांना काय सांगू म्हणून. नाव गाडीचं घेतलं. पुढच्या आठवड्यात बुधवारी, वीस तारखेला, अकरा वाजता तुझ्या शाळेच्या फाटकासमोर उभी राहीन. तुझ्या सासूबाईंना जे सांगायचं ते मीच सांगेन, तू फक्त माझ्यामागं उभी राहा. सर्टिफिकिटं तेवढी आधीच शाळेत आणून ठेव.

उशिरा का होईना, तुझीच,
आई