तापवाली सनई

बाबा,

परवा माझ्या मुलानं टेपरेकॉर्डर आणला आणि पहिली कॅसेट लावून मला समोर बसवलं. "आई, हे ऐक. अंगावर काटा येतो की नाही सांग." कुणा बाईचा आवाज होता, मागे नुसता तंबोरा. मुलगा डोळे मिटून बसला, धाकटी दंड चोळत म्हणाली, "बाप रे!" आणि मी मात्र पंख्याच्या जाळीवरची धूळ पाहत होते. बाई चांगली गात होती हो, नाव ठेवायला जागा नव्हती. पण मला काही म्हणजे काही झालं नाही. "आई, तू दगड आहेस," मुलगा हसत म्हणाला. मी म्हटलं, "असन बाप्पा," आणि उठून कुकर लावला. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून हे लिहायला बसले. बोलताना मी अजूनही मले-तुलेच करते, पण लेखणी धरली की हाताला शाळेचं मराठी येतं. तेवढं चालवून घ्या.

लकडगंजातली आपली पुढची खोली तुम्हाला आठवत असेल. म्हणजे आठवायला तुम्ही नाहीच, पण मी असंच म्हणणार. एका भिंतीला लग्नांत भाड्यानं द्यायचे भोंगे, खाली बॅटऱ्या, त्यांच्या तेजाबाचा आंबूस वास, आणि शेजारच्या लाकडाच्या टालीवर दिवसभर आरामशीनची करकर. लग्नाचा हंगाम जवळ आला की तुम्ही दुकानातून नव्या रेकॉर्डी पारखायला आणायचे. न पटलेल्या परत करायची बोली असायची. आणि पारख कशाची, तर माझ्या हाताची! फ्रॉकची बाही वर करून मी बॅटरीच्या खोक्यावर बसते, खिडकीतलं ऊन तिरपं हातावर पडतं, तुम्ही सुई टेकवता आणि रेकॉर्डकडे न पाहता माझ्या हातावरच्या लवेकडे पाहत उभे राहता. "आला का वं काटा?" "तुम्हीच पाहा न, बाबा!" लव उभी राहिली तर रेकॉर्ड आपल्या पेटीत, नाहीतर परत. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अजी, लोकं कानानं आयकतेत अन् तुम्ही पोरीच्या कातड्यानं!" तुम्ही म्हणायचे, "कान फसवते. कातडं नाई फसवत." भोंग्याच्या तोंडाशी उभं राहून राहून तुमचे कान तेव्हाच जायला लागले होते, पण घरात ते कुणी बोलत नसे.

ती सनईची रेकॉर्ड तुम्ही पावसाळा सरता सरता आणली. त्या सकाळी मला उठल्यापासून कसंतरीच होत होतं. पाठीतून थंडी चढत होती, दात वाजू नयेत म्हणून मी ओठ दाबून बसले होते. सांगितलं असतं तर तुम्ही धाकट्या बहिणीला खोक्यावर बसवलं असतं, आणि तो मान मी कुणाला देते! सुई टेकली आणि हातावर असा काही काटा फुलला की तुम्ही ओरडलेच, "आवं, इकडं ये, पाह्य पोरीचा हात!" आई पदराला हात पुसत आली, तिनं माझ्या कपाळाला हात लावला आणि मला उचलून आत नेलं. गोधडीवर गोधडी टाकली तरी मी खाटेसकट हलत होते, आणि दुपारी सणसणून ताप भरला. "मच्छर चावले तिले, हिवताप आहे," आई म्हणाली. तुम्ही ऐकायला तयारच नाही. "कायचा हिवताप? सनईनं धरलं पोरीले!" डॉक्टरनं कोयनेल दिलं. त्याची कडू चव जिभेवरून जाता जाईना, आणि मला बरं वाटावं म्हणून तुम्ही उशाशी बसून तीच रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावत होते. काय म्हणावं तुम्हाला! तेव्हापासून ती सनई सुरू झाली की माझं तोंड कडू होतं. काटाबिटा काही नाही. त्या दिवसानंतर तिनं माझ्या हातावरची एक लव हलवली नाही.

आणि तुम्ही तर गावभर केलं. नवरीच्या बिदाईच्या वेळी आधी सांगायचं, "ही आयकून माह्या पोरीले ताप भरला होता," आणि मग सुई टेकवायची. इतवारीपासून कन्हानपर्यंतचे लोक 'तापवाली सनई' मागायला येऊ लागले. ती वाजली की मांडवात रडारड व्हायची. वरमाया रडायच्या, आचारी रडायचे, पैजेवर न रडणारे बापे उपरण्यात तोंड लपवायचे. कन्हानच्या एका लग्नात नवरीचा मामा बाही सारून तुमच्याजवळ आला, "पाह्य गा, कसा काटा आला!" तुम्ही गर्दीतून माझ्याकडे असं पाहिलं की सनई जशी मीच वाजवली. मी काय सांगणार होते? एकदा पारखलेली रेकॉर्ड तुम्ही पुन्हा पारखत नव्हते, माझा हात त्या सनईला तुम्ही परत कधी पाहिला नाही. लोकांना येणारा काटा खरा होता. माझाच तेवढा हिवतापाचा होता.

मी मॅट्रिक झाले तोवर तुमच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. डॉक्टर म्हणाला, भोंगे सोडा. भोंगे सोडायच्या ऐवजी तुम्ही माझं लग्न काढलं. मला कॉलेजात जायचं होतं. फॉर्म आणून ठेवला होता, मैत्रिणीबरोबर जाणंयेणं ठरलं होतं. तुम्ही माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "थोडेसे कान आहेत तवर तुह्या लग्नाची सनई आयकू दे न माय." असं म्हटल्यावर कोणती पोरगी काय बोलेल? मी रडले, जेवले नाही, आणि मग हो म्हटलं. कळमेश्वरचे मास्तर, माणूस चांगला, घर चांगलं. पण तारीख येईपर्यंत तुमचे होते नव्हते ते कानही गेले. मंगलाष्टकं तुम्ही लोकांच्या ओठांकडे पाहून ओळखली, आणि सगळ्यांनी अक्षता टाकल्यावर तुम्ही टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिदाई. बापानं पोरीचा हात धरून गाडीपर्यंत न्यायचं ही आपली रीत. जीप दारात उभी, बाया गळ्यात पडून राहिल्या, आणि तुम्ही रेकॉर्डच्या मशीनला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते. स्वतः सुई टेकवली, लगबगीनं आले आणि चुड्याच्या वर, कोपराखाली, माझा हात धरला. बाकीच्यांना वाटलं, बाप लेकीचा हात धरतोय. मला कळलं की तुम्ही बोटांनी ऐकताय. सनई अख्ख्या गल्लीवर भरली होती, टालीवरचे मजूरही आरामशीन थांबवून उभे होते, आणि माझं तोंड कडू झालं होतं. तुमची बोटं वर-खाली फिरतात, थांबतात, पुन्हा फिरतात. हात गुळगुळीत. "बंद पडली का वं?" तुम्ही मोठ्यानं विचारलं, बहिऱ्या माणसाच्या त्या आवाजात. मी काही बोलणार तर तुम्ही हात सोडून मशीनकडे धावलेसुद्धा. इकडे सासरे म्हणाले, "चला, ऊन होऊन राह्यलं," कुणीतरी मला जीपमध्ये चढवलं आणि जीप निघाली. मला तुमची पाठ दिसली. मशीनवर वाकलेली, सदऱ्याला घामाचा डाग पडलेली पाठ. कोपऱ्यावर वळताना तुम्ही मागे पाहिलं, पण तोवर मध्ये माणसं आली होती.

पुढचं मला दिवाळसणाला आईनं सांगितलं. तुम्ही भोंग्यावर तळहात ठेवला, भोंगा थरथरत होता. तसेच हात ठेवून रेकॉर्ड संपेपर्यंत उभे राहिले. मग खोक्यावर बसले आणि म्हणाले, "रेकॉर्ड तं चालूच होती वं." दिवसभर जेवले नाही. दिवाळसणाला मी तुमच्या पाया पडले तेव्हा तुमचे जावई खाटेवर, आत्याबाई दारात, फराळाची ताटं मांडलेली, आणि सगळ्यांदेखत तुम्ही विचारलं, "माह्यावर राग होता का वं?" मी मान हलवली, नाही. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहतच राहिले. तुमच्याशी बोलायला घरात पाटी ठेवली होती. मी ती ओढली, 'ती रेकॉर्ड' एवढं लिहिलं आणि पदरानं पुसून टाकलं. काय लिहू? बाबा, त्या सनईनं मला कधी काटा आलाच नाही, तो मच्छर होता? ज्या एका गोष्टीवर लोक तुम्हाला दारापर्यंत शोधत येत होते, ती पाटीवर लिहून मोडू? कान गेलेल्या माणसाकडे दुसरं राहिलंच काय होतं? तुम्ही पुसलेल्या पाटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे माय."

त्यानंतर तुम्ही ती रेकॉर्ड काढली नाही. गिऱ्हाईक मागायचं तर सांगायचे, तडकली. हंगाम संपायच्या आत भोंगे विकले, आणि पुढच्या उन्हाळ्यात, घरादारावर आग पडलेली असताना, तुम्ही गेले. मी कळमेश्वरहून पोहोचले तेव्हा तुम्हाला बाहेर ठेवलं होतं. बायांनी हंबरडा फोडला, मी उभी. तेव्हाही अंगावर काही आलं नाही. मग कशालाच आलं नाही, बाबा. दुसऱ्यांचे भोंगे झाले, रेडिओ झाला, आता ह्या कॅसेटी. मुलं म्हणतात ऐक, मी ऐकते, सूर चुकला तर मला कळतो, आणि हात पाहते तर हात जसाच्या तसा. लोकांना वाटतं वयामुळे. वय कुठं झालंय माझं! तुम्ही माझ्या अंगातून जे काढून नेलं ते कुणी परत आणून देणार नाही, आणि तुम्हालाही ते मिळालं नाही. कुणाच्याच कामी आलं नाही ते. ह्याची मला रात्रंदिवस चीड येते.

कधी वाटतं, पाटीवर लिहिलं असतं तर तुम्ही खो खो हसले असते. "हात्तिच्या! मच्छर होय!" म्हणून आईला हाक मारली असती. कधी वाटतं, तिथंच कोसळले असते. एवढी वर्षं मी हेच दोन्ही उलटून पालटून पाहते आणि मला सांगता येत नाही. हा कागद कुठं टाकण्यासारखा नाही, घडी करून लुगड्यांच्या तळाशी जाईल. मुलांना सापडला तर म्हणतील, आई डोक्यावर पडली होती.

लिहायला बसलेच आहे तर एवढंही लिहिते. हिवताप खरा, कोयनेल खरं, तोंड कडू झालं तेही खरं. पण राग होता, बाबा. कॉलेजचा तो फॉर्म मी ट्रंकेत घालून सासरी नेला होता. दिवाळसणाला तुम्ही विचारलं तेव्हा मी हो म्हटलं असतं, तर तुम्ही मला जवळ तरी घेतलं असतं.