पार्किंगमधला नवरा

ऐरोली, रविवार

निशांत,

हे पत्र मी पाठवणार नाही. घटस्फोट मीच मागितला होता, त्यामुळे हे तुला सांगायची फार लाज वाटते.

काल अलिबागला एकटीच गेले. तिथल्या एका मॉलमध्ये थोडी खरेदी केली आणि तिथल्याच रेस्टॉरंटमध्ये जेवायला बसले. वेटरने विचारलं, "मॅडम, एकट्याच?"

मी पटकन म्हणाले, "नाही, मिस्टर गाडी पार्क करतायत."

त्याने दुसरी प्लेट मांडली. माझी सुरमई थंड झाली, तरी मी जेवेना. शेवटी तो काळजीने म्हणाला, "साहेबांना जागा मिळत नसेल. गाडीचा नंबर सांगा, मी बघून येतो."

मी तुझ्या गाडीचा नंबर सांगितला. तो खरंच भर उन्हात शोधायला गेला, घामाघूम होऊन परतला आणि मलाच सॉरी म्हणाला.

तेव्हाही मी खरं बोलले नाही.

सुचित्रा